पेंट विभागाचा पहिला नंबर

३ जून, सोमवार

जावईबापूंनी आज सगळ्या कंपनीला सभागृहात उभं केलं. खुर्च्या आधीच काढून ठेवल्या होत्या. उभ्याने घेतलेली सभा लवकर संपते आणि तेवढी वीज वाचते, असं कुठल्याशा परदेशी अभ्यासात आलंय म्हणे. सभा एक तास पन्नास मिनिटं चालली. एसी अठ्ठावीसवर.

जावईबापू म्हणजे आमचे नवे संचालक, नामगुंग जे-ह्यक. वय तेहतीस. मालकांची धाकटी मुलगी केली, हे त्यांचं आजवरचं एकमेव ठोस काम. आता ते आम्हाला पृथ्वी वाचवायला शिकवणार. आम्ही सोलजवळ आन्सानच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे आरसे आणि दारांच्या मुठी रंगवतो. एकशे चाळीस माणसं आहोत. पृथ्वीला आमचा पत्ता तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे.

योजनेचं नाव 'हिरवं पान'. लिफ्ट सोडून जिना चढलात, एक पान. घरून पेला आणलात, एक पान. ताटात अन्न टाकलं नाहीत, एक पान. जुने ईमेल पुसलेत, एक पान. पानं प्रत्येकाच्या वार्षिक मूल्यमापनात धरली जाणार. महिन्याच्या पहिल्या विभागाचा फोटो दारात लागणार आणि वर्षाच्या पहिल्या विभागाला तीन दिवस जेजू बेटाची सहल.

सभेनंतर मला बोलावलं. "प्यो मॅडम, माणसं नुसती कामाला असून चालत नाहीत. ती गुंतली पाहिजेत. मनानं."

मी मान हलवली. मनुष्यबळ विभागात माझी एकवीस वर्षं झाली. माणसं मनानं गुंततात ती फक्त एकमेकांच्या भानगडीत.

नियमावली लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यांना लिहिता येत नाही. त्यांना फक्त 'मांडता' येतं.

१२ जून, बुधवार

नऊ दिवसांत या लोकांनी जी अक्कल दाखवली, ती उत्पादनात दाखवली असती तर आम्ही कुठल्या कुठे असतो.

हिशेब विभागातली चौघं रिकामे पेले दिवसभर मिरवतात, नोंद करून घेतात आणि कॉफी कागदी कपातच पितात, कारण पेला मग धुवावा लागतो. विक्रीचा तो बडबड्या मा, आमच्यात साततोंड्या, लिफ्टने तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, शेवटचा एक जिना चढतो आणि धापा टाकत माझ्यासमोर उभा राहतो. एकाने ईमेल पुसता पुसता ग्राहकाच्या तीन ऑर्डरी पुसल्या. शनिवारी डोंगरावर कचरा वेचायला नेलं, तर डोंगर स्वच्छ. मग खरेदी विभागाने आपल्याच किंबापचे, शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, कागद झुडपात टाकले, परत उचलले आणि फोटो काढले. जावईबापूंना गहिवरून आलं.

दुपारी पेंट विभागातली ओक गिल-रेबाई वर आली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. रंगाआधी मुठी सॉल्व्हंटनं पुसायच्या टेबलावर बारा वर्षं बसतेय. टोपी हातात धरून दारातच उभी.

"मॅडम, आमच्या विभागाला एकही पान नाही."

"मग मिळवा."

"आम्हाला ईमेल नाही, पुसणार काय? जिना नाही, खालीच असतो. पेला आत न्यायला बंदी आहे, वाफ बसते म्हणून. बांग फोरमन म्हणाले, मॅडमना विचारून या."

बांगला स्वतःला यायला लाज वाटली असणार. पण मुद्दा चूक नव्हता, म्हणून जास्तच राग आला. बसून कारखान्यासाठी वेगळे आठ नियम लिहिले. सातवा माझ्या मते उत्तम उतरलाय: 'गरज नसताना चालणारे दिवे, मोटारी व पंखे बंद ठेवावेत.' एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. जावईबापूंनी त्याखाली स्वतःची भर घातली: ज्या विभागाची वीज महिन्यात पंधरा टक्के कमी होईल, त्याला एकदम शंभर पानं. शिवाय हिरव्या पानाचे स्टिकर छापून घ्या म्हणाले. प्लॅस्टिकचे. मी ऑर्डर दिली.

१ जुलै, सोमवार

धक्काच. पेंट विभागाची वीज एकोणीस टक्क्यांनी कमी! पंचविसाव्या नंबरावर राहायची ज्यांची लायकी, ते पहिले. विभाग फक्त नऊ आहेत म्हणून, नाहीतर पंचविसावेच असते.

बांग सोक-चोलचा फोटो दारात लागला. अठरा माणसांच्या मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, छाती अशी काढलेली की बटणं तुटतील. आमच्याकडे तो गेली वीस-बावीस वर्षं आहे आणि एवढ्या वर्षांत मी त्याला हसताना पाहिलेलं नव्हतं. पाहिलं नसतं तरी चाललं असतं, पुढचे दोन दात नाहीत.

कसं केलंत, हे मी विचारलं नाही. या लोकांना विचारलं की तासभर सांगत बसतात.

एक मात्र बरं झालं. गेले पंधरा दिवस खालची ती कायमची घरघर थांबलीय. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी खिडकी उघडून शांतपणे चहा प्यायले. थिनरचा वास वरपर्यंत येतो हल्ली, पण तो उन्हाळ्यामुळे असेल.

१५ जुलै, सोमवार

आज छोबोक. उन्हाळ्याच्या तीन कडक दिवसांतला पहिला, म्हणून कँटीनला कोंबडीचं सूप. प्रत्येकाला एक अख्खी कोवळी कोंबडी, पोटात भात आणि जिनसेंगची मुळी. वर्षातून एकदा मालक हात सैल सोडतात. लोक हाडंसुद्धा चोखून ठेवतात.

ताटं परत करायच्या खिडकीशी आता वजनकाटा आहे आणि काट्याशी मी. आठ विभागांचं मिळून उरलेलं अन्न चार किलो. एकट्या पेंट विभागाचं अकरा! कोंबड्या जशाच्या तशा. एका बाईने तर नुसतं पाणी पिऊन ताट सरकवलं. पहिला नंबर आल्यापासून माज चढलाय, दुसरं काय. मी सगळ्यांसमोर चाळीस पानं कापली.

कँटीनची सुन-बुन मावशी आतून पंचा खांद्यावर टाकून आली. सत्तरीची बाई, मालकांनाही 'अरे' म्हणते.

"कशाला कापतेस गं पानं? माजून टाकलंय होय त्यांनी?"

"मग कशासाठी टाकलंय?"

"तीन आठवडे बघतेय मी. टाकतात ते सगळे पेंटवाले. भाताचा वास आला तरी तोंड फिरवतात. त्या गिल-रेला मी पेज करून दिली, ती संडासात जाऊन ओकली. एकदा खाली जाऊन बघ की."

"मावशी, तुम्ही मीठ बघा. माझं काम मी बघते."

"मीठ बरोबर आहे माझं," म्हातारी म्हणाली आणि निघून गेली. उद्धट.

गिल-रेबाई बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर पिवळट झाक. रविवारी भाचीचं लग्न होतं असं कळलं, म्हणजे सोजूचे पेले रिचवले असणार. मला बघून सरळ उभी राहिली. "मॅडम, ते एक्झॉस्टचे पंखे—"

"तोंडी काही नको. सूचनापेटी आहे. एका सूचनेला दोन पानं मिळतात, तेवढाच तुमच्या विभागाला हातभार."

वेळेत घरी आले. आईला कोंबडी नेली होती. तिने सगळी खाल्ली.

१८ जुलै, गुरुवार

सूचनापेटी उघडली. एकवीस चिठ्ठ्या. सहा जणांना शुक्रवारी सुट्टी हवीय, पृथ्वीसाठी. एकाला वाटतं जावईबापूंनी विजेची गाडी घ्यावी आणि जुनी त्याला द्यावी. एकाने नुसतं 'शाबास' लिहिलंय.

गिल-रेबाईची पेन्सिलने लिहिलेली, शुद्धलेखनाच्या चार चुका: 'एक्झॉस्ट दीवसभर बंद आसतो. पुसायच्या टेबलावर डोकं गरगरतं मळमळतं. सगळ्यानाच. चालू ठेवावा ही विनंति.'

बांगला फोनवर विचारलं. म्हणाला, "बायकांची कुरकुर हो मॅडम. सकाळी अर्धा तास लावतो, दुपारी अर्धा तास लावतो. महिन्याचा आकडा गाठायचाय ना."

रजिस्टरमध्ये शेरा लिहिला: 'ही तक्रार आहे, सूचना नाही. वीजबचतीच्या उद्दिष्टाशी विसंगत. पानं – शून्य.' सही केली. बाकी वीस चिठ्ठ्यांवर यापेक्षा कमी वेळ घालवला, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते.

२४ जुलै, बुधवार

कर्मचारी सहभागाचं सर्वेक्षण झालं. उत्साह चौऱ्याण्णव टक्के. जावईबापू हा आकडा घेऊन सोलला जाणार आहेत, कसल्यातरी हरित पुरस्काराच्या समितीपुढे.

पेंट विभागाचे अठराच्या अठरा कागद 'अत्यंत समाधानी'. अठराही एकाच निळ्या पेनने, एकाच तिरक्या खुणेने. बांगने जेवायच्या सुट्टीत बसून भरले असणार. जीभ बाहेर काढून. फसवायचं तर निदान दोन पेनं तरी वापरावीत! मी कागद आकड्यांत धरले. चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव कोण करत बसणार, आणि जावईबापूंना फरक कळणार थोडाच.

७ ऑगस्ट, बुधवार

उन्हाळी सुट्टीनंतरचा तिसरा दिवस. पावणेतीनला खालून आरडाओरडा.

मी मार्चनंतर पहिल्यांदा पेंट विभागात गेले. दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत धूर नव्हता, काही दिसत नव्हतं, पण हवा गोडसर आणि जड होती. दोन मिनिटांत माझ्या कानशिलात ठणका. गिल-रेबाई टेबलाखाली आडवी पडलेली, हातमोजे तसेच, ओठ राखाडी. शेजारच्या बाईने तिचं डोकं मांडीवर घेतलेलं. ती बाई स्वतःही डुलत होती. मी ओरडले, "पंखे लावा!" कुणी हललं नाही. मग मीच भिंतीकडे गेले. एक्झॉस्टच्या चारही बटणांवर हिरव्या पानाचे स्टिकर चिकटवले होते. ते नखांनी खरवडून काढावे लागले.

रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. गिल-रेबाईबरोबर आणखी तिघांना नेलं.

बांग दारात उभा होता. चेहरा कागदासारखा. म्हणाला, "मॅडम, तुमच्या सात नंबरातच होतं ना... पंखे बंद ठेवावेत."

"'गरज नसताना' असं होतं! वाचता येत नाही का तुम्हाला?"

"आम्हाला वाटलं, कधी गरज असते ते तुम्ही सांगाल."

मूर्ख माणूस. घरी येऊन ती नियमावली काढली. सातवा नियम अकरा वेळा वाचला. वाक्य बिनचूक आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

गिल-रेबाई अतिदक्षता विभागात. यकृतावर परिणाम झालाय. अठराही जणांचं रक्त तपासलं, पाच जणांचं बिघडलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, कित्येक आठवडे साचत आलंय. भूक मेली असेल, मळमळत असेल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मी म्हटलं, चौकशी करते. मग बाहेर बाकावर बसले. माझ्याकडे सगळं लिहिलेलं होतं. तारीखवार, ग्रॅमपर्यंत. दररोज मी स्वतः काट्याशी उभी होते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

जावईबापूंच्या खोलीत सभा. ते, वकील आणि मी. या वेळी खुर्च्या होत्या.

कागद तयार होता. 'फोरमन बांग सोक-चोल यांनी व्यवस्थापनाच्या सूचनेविरुद्ध, परस्पर वायुवीजन बंद ठेवले.' खाली माझी सही हवी होती, मनुष्यबळ विभागप्रमुख म्हणून.

"आणि ती चिठ्ठी," जावईबापू म्हणाले. "नोंदीत आहे?"

"आहे. शेऱ्यासकट."

"रजिस्टर हाताने लिहिलेलं आहे ना? मग जुनं खराब झालं असेल. नवं करता येईल. मॅडम, तुमची एकवीस वर्षं आहेत इथे. मला तुमचीच काळजी वाटते."

माझी काळजी! या माणसाला माझी खोली कुठल्या मजल्यावर आहे तेही सांगता येणार नाही. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि सोमवारपर्यंत वेळ मागितला. खोटं का लिहू, सही करायचं मनात जवळजवळ ठरलं होतं. बांगच्या जागी दुसरा कुणी असता तर वाईट वाटलं असतं. बांगबद्दल वाईट वाटायला जागाच नाही. अठरा माणसांना गुदमरवून फोटो काढून घेणारा माणूस.

संध्याकाळी तोच बस थांब्यावर आला. माझ्या शेजारी बसला नाही, उभा राहिला.

"मला काढणार ना, मॅडम?"

"तुम्ही त्या बायकांचं ऐकलं का नाही?"

"माझंही डोकं दुखायचं. मला वाटलं, थोडं सोसू. बावीस वर्षांत आमच्या विभागाला कुणी कशातही पहिला नंबर दिला नव्हता हो. वरच्या लोकांची पेंटवाल्यांशेजारी जेवायला बसायची तयारी नसते, कपड्यांना वास येतो म्हणून. फोटो लागला त्या दिवशी गिल-रेबाई स्वतः फडक्याने काच पुसून आली. म्हणाली, फोरमन, जेजूला मी समुद्र बघणार. मग ते पंखे लावायला हातच होईना."

त्याची बस आली. तो चढला नाही. माझी आली, मी चढले.

पेंटवाल्यांशेजारी मी कधी जेवायला बसले होते का, ते आठवून पाहिलं. नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

कामगार खात्याचे निरीक्षक आले. ग्वोन नावाचे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे.

इथे लिहून ठेवावंसं वाटतं की मी रात्रभर विचार केला आणि माझं मन जागं झालं. तसं झालेलं नाही. सकाळी सही करायला कागद उघडला, तर त्यात माझं नाव चुकवलेलं होतं. ह्ये-रानचं ह्ये-राम. एकवीस वर्षं! ज्या कागदावर माझ्या हातून एका माणसाला बुडवायचंय, तोही नीट वाचून पाहावासा वाटला नाही जावईबापूंना. इतका संताप आला की कागद टेबलावर आपटला. आणि त्याच संतापात लक्षात आलं, मी गिल-रेबाईच्या चिठ्ठीतल्या चुका मोजल्या होत्या. चार. चिठ्ठी काय सांगतेय ते त्यानंतर मनावर घेतलंच नव्हतं.

ग्वोनसाहेबांपुढे जुनं रजिस्टर ठेवलं. काट्याची वहीही ठेवली.

"हा शेरा कुणाचा?"

"माझा."

"नियम सात?"

"माझा. पंधरा टक्क्यांची अट संचालकांची. त्यांच्या अक्षरातली आहे, बघा."

जावईबापू काहीतरी बोलायला लागले. ग्वोनसाहेबांनी नुसता हात वर केला.

"पंखे बंद असतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"घरघर थांबली होती, सर. मला बरं वाटलं होतं. आणि मग त्यांनी मला लिहूनही दिलं होतं."

"लिहून दिल्यावर तुम्ही खाली गेलात?"

"नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. वर मान करून माझ्याकडे पाहिलंही नाही. मला ओळखीची वाटली ती पद्धत.

२० ऑगस्ट, मंगळवार

पेंट विभाग सील, बरी असलेली माणसं तात्पुरती पॅकिंगला. जावईबापू चौकशी होईपर्यंत घरी. माझी जागा काढून घेतली आहे. तळघरात जुन्या फायली लावायला बसवलंय. खटल्यात बांगबरोबर माझंही नाव आहे. वरचे लोक माझ्याशी बोलत नाहीत, खालचे आधीही बोलत नव्हते. मा साततोंड्या जिन्यात भेटला आणि 'गद्दार' असं पुटपुटला. लिफ्टने आला असता तर भेटही झाली नसती.

कँटीनमध्ये आज पेंटवाल्यांच्या टेबलाच्या टोकाला ताट ठेवलं. दोघी उठून गेल्या. बाकीचे जेवत राहिले.

३ सप्टेंबर, मंगळवार

गिल-रेबाईला साध्या खोलीत आणल्याचं सुन-बुन मावशीकडून कळलं. मावशीने डब्यात पेज दिली. "तू ने," एवढंच म्हणाली.

गिल-रेबाई झोपली होती. अंगाने निम्मी झालीय. हातांची त्वचा पिवळी आणि सैल, बोटं झोपेतही थोडी हलत होती, काहीतरी पुसत असल्यासारखी. शेजारी तिची मुलगी बसलेली, तिशीची, दवाखान्याच्या खुर्चीवर. दुसऱ्या खुर्चीवर तिची पिशवी होती.

"आपण?"

"प्यो ह्ये-रान. मनुष्यबळ विभागाची."

तिने पिशवी उचलली नाही. मी उभीच राहिले.

"आईची चिठ्ठी तुम्ही वाचलीत ना?"

"हो."

"तिने ती मला फोनवर चारदा वाचून दाखवली होती. 'विनंति' कसं लिहायचं ते विचारलं. मीच चुकीचं सांगितलं असेल."

मी पेजेचा डबा खिडकीत ठेवला.

"पुढच्या महिन्यात सुनावणी आहे," ती म्हणाली. "निरीक्षकांना जे सांगितलंत, तेच तिथे सांगणार आहात?"

"सांगेन."

"तुमची नोकरी गेली तरी?"

"सांगेन."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि मी तिची अपेक्षाही केली नव्हती, निदान तसं मी स्वतःला बजावून आले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मग आता जा तुम्ही. ती उठेल एवढ्यात. तुम्हाला पाहिलं की कंपनीतल्या मॅडम आल्या म्हणून उठून बसायची धडपड करेल. डॉक्टरांनी तिला अजून बसू नका म्हणून सांगितलंय."

मी निघाले. बाहेर येताना दार वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून लावलं.